पाणवठ्यावरची गोष्ट चावडीवर

१. घाटावर विचारलेला प्रश्न

काशीत दशाश्वमेध घाटावरून अस्सीच्या दिशेनं चालू लागलं की शीतला घाट ओलांडून अहिल्याबाईंचा घाट लागतो आणि त्याला खेटूनच मुन्शी घाट. नागपूर संस्थानचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो बांधवला, म्हणून हे नाव. २०२२ च्या जूनअखेरीस एका सकाळी महाराष्ट्रातून गेलेला आमचा गट त्याच्या पायऱ्यांवर टेकला होता. ऊन चढायच्या आत स्नान उरकून आलेल्या एक काकू फोनवर बातम्या बघत होत्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २४ जूनला गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला होता आणि पडद्यावर बायकांची गर्दीच गर्दी दिसत होती. काकूंनी फोन माझ्यापुढे धरला. "अगं, आपल्याकडे तर हे कायद्यानं कधीचं चालतं ना? मग आपल्या बायका यासाठी कधी रस्त्यावर उतरल्याचं ऐकलं नाही, ते कसं? आणि या एवढ्या ओरडतायत, त्यानं काही होणार आहे का?"

हेच दोन प्रश्न मला व्याख्यानं संपल्यावरही विचारले जातात. त्या सकाळी काकूंना दिलेलं उत्तर अर्धवट राहिलं होतं. पुरं उत्तर इथे देते.

आधी एक कल्पना पक्की करून घेऊ. जुन्या गावात बोलण्याच्या दोन जागा असत. पाणवठ्यावर बायका बोलत: कुणाला दिवस गेले, कुणाला ते नको होते, कुठल्या सुईणीनं काय दिलं, कोण त्यात गेली. चावडीवर पुरुष बोलत, आणि निवाडा तिथे होई. पाणवठ्याला सगळं ठाऊक असे, पण चावडीपर्यंत त्यातलं काहीच पोचत नसे. जी गोष्ट चावडीवर घ्यावीच लागते ती राजकीय, अशी राजकारणाची सोपी व्याख्या आपण या प्रकरणापुरती धरू. मोर्चा ही पाणवठ्यावरून चावडीकडे जाणारी वाट. त्या वाटेनं गोष्ट पोचते. निवाडा मनासारखा होईलच असं नाही.

२. काशीला का नेत?

हा प्रश्न मुन्शी घाटावर निघाला, याला माझ्या लेखी महत्त्व आहे. काशीचे कितीतरी घाट मराठी पैशानं उभे राहिले हे आपण अभिमानानं सांगतो. मराठी वाड्यांनी आपल्या न सांगण्याजोग्या गोष्टीही याच गावात आणून सोडल्या, ते सांगत नाही.

आठव्या-दहाव्या वर्षी लग्न, पंधराव्याच्या आत वैधव्य, आणि पुढे कधीतरी घरातल्याच एखाद्या पुरुषाकडून दिवस जाणं. अशा वेळी वाड्याला तीन वाटा दिसत. झाडपाल्याचं औषध देऊन गर्भ पाडायचा, गुपचूप बाळंतपण उरकून मूल नाहीसं करायचं, किंवा बाईला 'यात्रेला' न्यायचं. यात्रा काशीची असे, पंढरपूरची असे, नाशिकची असे. पोट रिकामं झालं तर ती परत येई, किंवा तिथेच सोडली जाई. पुरुष मात्र घरीच असे.

यात कायदा कुठे होता? भारतीय दंड संहिता १८६० साली तयार झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या कलम ३१२ नं गर्भपात घडवून आणणं हा गुन्हा ठरवला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गर्भाची हालचाल सुरू झाल्यावर सात वर्षांपर्यंत. बाईचा जीव वाचवण्यासाठी केला असेल तेवढीच सूट. आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही याच कलमात गुन्हेगार. म्हणजे सोवळं पाळायला लावणारा समाज एका बाजूला आणि तुरुंग दुसऱ्या बाजूला, अशा चिमटीत ती सापडली.

या चिमटीवर पहिला घाव पुण्यात पडला. जोतीराव फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. तिनं जन्मलेल्या बाळाचा जीव घेतला आणि तिला अंदमानात जन्मठेप झाली. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि ब्राह्मण वस्तीत जाहिराती लावल्या: विधवांनी इथे येऊन गुप्तपणे आणि सुरक्षित बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. १८८४ पर्यंत अशा ३५ जणी आल्या. त्यांतल्या एकीचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्यानं दत्तक घेतला.

मी त्या जाहिरातींकडे मोर्चा म्हणूनच पाहते. त्यात घोषणा नव्हत्या, गर्दी नव्हती. पण जी गोष्ट रात्रीच्या गाडीनं गावाबाहेर काढली जात होती, ती भिंतीवर दिवसाढवळ्या लिहिली गेली. तुमच्या आळीत पोटुशी विधवा आहे, हे त्या कागदानं आळीला ऐकवलं. पुढे १८७५ साली पंढरपुरातही असंच गृह उभं राहिलं आणि प्रार्थना समाजानं ते चालवलं.

दुसरा घाव बुलढाण्याहून आला. १८८१ साली सुरत भागातल्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येसाठी फाशी सुनावली गेली. अपिलात तिची काळ्या पाण्याची जन्मठेप झाली आणि शेवटी शिक्षा पाच वर्षांवर आली. वर्तमानपत्रांत मात्र बायकांच्या नीतीवर झोड उठली. त्या लिखाणानं संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं. त्यांचा सवाल साधा होता: या सगळ्यात पुरुष कुठे आहे? आज हे पुस्तक अभ्यासक्रमात आहे. त्या काळी चावडीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ताराबाईंनी पुढे दुसरं पुस्तक लिहिल्याचं दिसत नाही. पहिल्या हाकेला चावडी उठली नाही म्हणून हाक वाया गेली असं मात्र नाही. सुमारे नव्वद वर्षांनी पुस्तक पुन्हा छापलं गेलं, तेव्हा ते वाचणाऱ्या बायका रस्त्यावर यायच्या तयारीत होत्या.

३. न मागता आलेला कायदा

आता काकूंचा पहिला प्रश्न. गर्भपाताला परवानगी द्या म्हणून आपल्याकडे मोर्चा का निघाला नाही? कारण मागण्याआधीच कायदा आला.

त्याची वाट कुटुंबनियोजनातून आली. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या कामापायी प्राध्यापकी गमावली. १९३८ साली डॉ. आंबेडकरांच्या पुढाकारानं मुंबई विधिमंडळात आलेला संततिनियमनाचा ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. मात्र स्वातंत्र्यानंतर लोकसंख्येची चिंता वाढली आणि चावडी आपण होऊन या विषयाकडे वळली. १९६४ साली केंद्र सरकारनं समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. समितीचा अंदाज होता की ५० कोटी लोकसंख्येत वर्षाला ६५ लाख गर्भपात होत असावेत. त्यांतले २६ लाख आपोआप होणारे आणि ३९ लाख मुद्दाम घडवलेले. यातले बहुतेक चोरून, वैदूकडे, काडी घालून. बायका मरत होत्या. १९६६ च्या अहवालानंतर १९७१ साली वैद्यकीय गर्भपात कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला.

बायकांचे जीव वाचावेत ही समितीची कळकळ खरी होती. पण कायदा बायकांनी लढून घेतलेला नव्हता, आणि त्याच्या रचनेत ते दिसतं. तिजोरी बाईच्या नावावर, किल्ली डॉक्टरच्या कनवटीला, अशी ही व्यवस्था आहे. कलम ३१२ रद्द झालं नाही. दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेत ते कलम ८८ म्हणून आजही आहे. १९७१ च्या कायद्यानं फक्त अपवाद केला: ठरावीक कारणं असतील आणि नोंदणीकृत डॉक्टरचं तसं मत पडलं, तर गुन्हा नाही. जिवाला धोका, शरीराच्या किंवा मनाच्या आरोग्याला गंभीर इजा, बलात्कार, गर्भातलं व्यंग, आणि विवाहितेच्या बाबतीत संततिनियमनाचं साधन निकामी ठरणं, ही ती कारणं. 'मला नको आहे' हे कारण त्या यादीत नाही.

दुसरी अडचण आठवड्यांची. १९७१ च्या कायद्यात मुदत २० आठवड्यांची होती. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. एक हिशेब करून पाहू. समजा, पाळी १ जानेवारीला आली. मग २० आठवडे, म्हणजे १४० दिवस, २१ मेला भरतात. गर्भाची व्यंगं दाखवणारी सोनोग्राफी साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, म्हणजे ७ ते २१ मेच्या दरम्यान करतात. तालुक्याच्या बाईनं १९ मेला ती केली, अहवालात हृदयाचा दोष दिसला, जिल्ह्याला दुसरं मत घ्यायला सांगितलं, की जुन्या कायद्याची २० आठवड्यांची मुदत संपली. २००८ साली मुंबईच्या एका दांपत्यावर हीच वेळ आली. त्यांचे डॉक्टर निखिल दातार त्यांच्यासोबत उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं परवानगी दिली नाही, पण देशभर चर्चा पेटली. २०२१ च्या दुरुस्तीनं काही गटांतल्या बायकांसाठी मर्यादा २४ आठवडे केली. आपल्या उदाहरणात ती तारीख १८ जून येते. गर्भात मोठं व्यंग असेल आणि वैद्यकीय मंडळानं तसं ठरवलं, तर आठवड्यांची मर्यादाच राहिली नाही. 'विवाहिता' या शब्दाच्या जागी 'स्त्री' आला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं २४ आठवड्यांची ही सवलत अविवाहितेलाही आहे, असा निकाल दिला.

किल्ली तरी आली का बाईच्या हाती? ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या एका विवाहितेची २६ व्या आठवड्यातली विनंती याच न्यायालयानं फेटाळली.

४. मुंबईचा मोर्चा आणि एका शब्दाची किंमत

मोर्चा आपल्याकडे निघालाच नाही, हे मात्र खरं नाही. तो निघाला, आणि आपल्या विषयावरचा देशातला पहिला कायदा घडवून परतला. विषय वेगळा होता.

गर्भजल तपासणी मुळात व्यंग ओळखण्यासाठी आली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ती मुलगा की मुलगी हे सांगण्यासाठी वापरली जाऊ लागली. आता पाचशे रुपये खर्चा आणि पुढचा हजारोंचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत. १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा ५० पैकी ४२ डॉक्टर लिंग ओळखण्यासाठी ही तपासणी करत असल्याचं आढळलं. स्त्री-चळवळीतले, विज्ञान आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते एकत्र आले. मनीषा गुप्ते, विभूती पटेल, रवींद्र रु. पं. यांच्यासारख्यांनी लिंगनिदानाविरोधी मंच उभा केला. त्यांनी दवाखान्यांपुढे निदर्शनं केली, पथनाट्यं केली, आईबाप आपल्या मुलींना घेऊन मोर्चात चालले. विधानसभेत मृणाल गोरे यांनी विषय लावून धरला. १९८८ साली महाराष्ट्रानं लिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा केला आणि १९९४ साली तो देशाचा झाला. अंमलबजावणी होईना, तेव्हा मुंबईची 'सेहत' आणि पुण्याची 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. माझ्या मते मोर्चाचं खरं काम हे असं असतं: रस्ता, विधिमंडळ, न्यायालय, आणि मग पुन्हा रस्ता.

आकडे मात्र वेगळी गोष्ट सांगतात. सहा वर्षांपर्यंतच्या दर १,००० मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात त्या वर्षी ८०७. याचा अर्थ काय? निसर्गतः हे प्रमाण ९५० च्या आसपास असतं. ज्या भागात १०,००० मुलगे आहेत तिथे ९,५०० मुली हव्यात. बीडच्या प्रमाणानं त्या ८,०७० भरतात. १,४३० मुली कमी. त्या सगळ्याच गर्भपातानं गेल्या असं नाही. जन्मल्यावर दुर्लक्षानं दगावलेल्याही त्यात आहेत.

या मोर्चातल्या जाणत्यांनी सुरुवातीपासून एक पथ्य पाळलं होतं. त्यांची मागणी लिंगनिदान बंद करण्याची होती, गर्भपात बंद करण्याची नव्हती. दोन कायदे वेगळे आहेत. एक विचारतो, गर्भाचं लिंग कुणी पाहिलं आणि कुणी सांगितलं? दुसरा विचारतो, ही बाई कोणत्या कारणासाठी आली आहे आणि किती आठवडे झाले आहेत? पण विषय भिंतीवरच्या चित्रांत आला तेव्हा हा फरक गळून पडला. शब्द आला 'स्त्रीभ्रूणहत्या'. पोटातली मुलगी आईला जगू दे म्हणून विनवते आहे, अशी चित्रं सरकारी भिंतींवर रंगली. नीट बघा त्या चित्रांकडे. त्यात लिंग सांगणारा डॉक्टर नाही, मुलगा मागणारा सासरा नाही, नवरा नाही. आरोपीच्या जागी एकटी आई आहे. ताराबाईंचा १८८२ चा सवाल तिथेही लागू पडतो.

'हत्या' हा शब्द एकदा रुळला की सगळाच गर्भपात हत्या वाटू लागतो. २०१२ साली बीड जिल्ह्यातलं लिंगनिदान आणि गर्भपाताचं प्रकरण उघडकीला आलं, राज्यभर तपासण्या वाढल्या, आणि कितीतरी औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. या गोळ्या पहिल्या काही आठवड्यांतल्या, तेव्हा तर सोनोग्राफीत लिंग कळतही नाही. दोन पोरांची आई सातव्या आठवड्यात दवाखान्यात येते आणि तिच्याकडे संशयानं पाहिलं जातं. मी या चळवळीची ऋणी आहे, आणि म्हणूनच हे स्पष्ट लिहिते: मोर्चानं निवडलेला शब्द मोर्चा पांगल्यावरही गावात राहतो आणि काम करत राहतो. तो निवडताना चूक झाली तर तिची किंमत दुसऱ्याच कुणा बाईला मोजावी लागते.

५. बेळगावची सविता

ज्या बेळगावासाठी मराठी माणसानं इतके मोर्चे काढले, त्या गावच्या एका मुलीमुळे सातासमुद्रापलीकडचा एक देश बदलला. सविता हलप्पनवार बेळगावात वाढली, दंतवैद्य झाली आणि लग्नानंतर आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहिली. २१ ऑक्टोबर २०१२ ला ती रुग्णालयात दाखल झाली तेव्हा सतरावा आठवडा सुरू होता. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तिनं गर्भपात करण्याची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर करता येणार नाही, असं उत्तर मिळालं. हा कॅथलिक देश आहे, असंही तिला ऐकवलं गेलं. पुढे चौकशीत सुईणीनं ते मान्य केलं. रक्तात विष भिनून २८ ऑक्टोबरला सविता गेली. ती ३१ वर्षांची होती.

आयर्लंडमध्ये बंदी होती ती ब्रिटिशांच्या १८६१ च्या कायद्याची. आपलं कलम ३१२ त्याच राज्यकर्त्यांनी त्याच्या आदल्या वर्षी लिहिलेलं. त्यावर १९८३ साली आयरिश जनतेनं सार्वमतात ६७ टक्क्यांच्या आसपास मतं देऊन गर्भाच्या जिवाला आईच्या जिवाइतकाच हक्क घटनेत लिहिला. मग तिथल्या बायका काय करत? बोटीनं, विमानानं इंग्लंडला जात आणि गर्भपात करून परत येत. घरात कुणी बोलत नसे. आयर्लंडचं ते इंग्लंड आणि आपल्या वाड्यांची ती काशी यांत मला फरक दिसत नाही.

१४ नोव्हेंबर २०१२ ला बातमी छापून आली आणि त्याच संध्याकाळी डब्लिनमध्ये लोक मेणबत्त्या घेऊन जमले. सविताचं छायाचित्र हातात धरून हजारो लोक चालू लागले. २०१३ साली आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपाताला मुभा देणारा कायदा झाला. तो अपुरा होता, मोर्चे थांबले नाहीत. मग सरकारनं एक फार चांगली गोष्ट केली. चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे ९९ सामान्य नागरिक निवडले आणि एका अध्यक्षांच्या देखरेखीखाली महिनोन्महिने बसवले. त्यांनी डॉक्टरांना ऐकलं, कायदेतज्ज्ञांना ऐकलं, आणि ज्यांच्यावर हे गुदरलं त्या बायकांना ऐकलं. त्यांनीही बंदी उठवायला सांगितलं. बेळगावहून सविताच्या आईवडिलांनी आयरिश जनतेला आवाहन केलं. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतं बंदी उठवण्याच्या बाजूनं पडली आणि १ जानेवारी २०१९ पासून बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भपाताची सोय देशातच झाली.

३५ वर्षांत त्याच देशातल्या जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी कौल फिरवला. मधल्या काळात पाणवठ्यावरच्या बायका आपापल्या नावानिशी चावडीवर बोलू लागल्या होत्या.

६. वाटेनं दोघंही चालतात

काकूंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं सुखाचं नाही. अमेरिकेत हा हक्क २२ जानेवारी १९७३ च्या निकालानं मिळाला. त्याच्या पुढच्याच वर्षापासून विरोधकांनी दर जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये मोर्चा काढायला सुरुवात केली. थंडीवाऱ्यात, वर्षामागून वर्षं. त्यांनी उमेदवार निवडून आणले, अध्यक्षांवर दबाव ठेवला, न्यायाधीशांच्या नेमणुकांवर लक्ष ठेवलं, आणि ४९ वर्षांनी निकाल फिरवून घेतला. मला त्यांचं म्हणणं मुळीच पटत नाही. पण चिकाटीनं चालणाऱ्याला वाट पोचवते, तो कोणत्याही बाजूचा असो. ज्यांना वाटलं की हक्क एकदा मिळाला आणि काम संपलं, त्यांना त्याची किंमत २०२२ साली कळली. आणि मुन्शी घाटावर आम्ही बोललो त्यानंतर सहाच आठवड्यांत, २ ऑगस्टला, कॅन्सससारख्या सनातनी राज्यातल्या मतदारांनी राज्यघटनेतून हा हक्क काढण्याचा प्रस्ताव मोठ्या फरकानं पाडला. तेव्हा काकू, त्या ओरडण्यानं काही होतं.

आपल्याकडची गोष्ट उलटी आहे. आपल्याला कायदा मिळाला, पण त्यासाठी कुणाला चालावं लागलं नाही, म्हणून तो कुणाच्या तोंडी नाही. गर्भपात कायदेशीर आहे हेच पुष्कळ बायकांना माहीत नसतं. दवाखान्याच्या खिडकीशी त्यांच्याकडे नवऱ्याची सही मागितली जाते आणि त्या मुकाट्यानं परत फिरतात, किंवा आडवाटेनं कुणाकडून गोळ्या आणून घेतात.

म्हणून, वाचकहो, एवढं एक वाक्य आपल्या घरातल्या, शेजारच्या, बचत गटातल्या प्रत्येक बाईला मोठ्यानं वाचून दाखवा. वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या कलम ३ प्रमाणे अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, मानसिक आजार नसलेल्या स्त्रीच्या गर्भपातासाठी तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची, सासूची, बापाची सही कायदा मागत नाही.